बारावी उत्तीर्ण असल्याचा पुरावा आणि अमेरिकेतल्या कॉलेजची आर्थिक मदत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत कॉलेजसाठी सरकारी मदत मिळवायची तर फाफ्सा हा अर्ज भरावा लागतो. पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न करायची मदत), वर्क-स्टडी (शिकता शिकता करायचं पगारी काम) आणि सरकारी शैक्षणिक कर्ज या सगळ्यांची वाट त्याच अर्जातून जाते. मदतीची एक मूळ अट म्हणजे विद्यार्थ्याचं हायस्कूल, म्हणजे आपल्याकडची बारावी, पूर्ण झालेलं असणं. तिथे शिकलेल्या मुलांना ही अट सहसा जाणवतही नाही. महाराष्ट्रात किंवा गोव्यात बारावी करून गेलेल्यांचे अर्ज मात्र इथेच अडकतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: कागद खरा असतो, पण चुकीचा पाठवलेला असतो.

ही मदत मुळात कोणाला मिळू शकते?

अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि निर्वासितांसारख्या काही ठरावीक गटांना. एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-४ (नोकरदाराचे कुटुंबीय) व्हिसावर असलेल्यांना केंद्र सरकारची मदत मिळत नाही. त्यांनी कॉलेजच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या पाहाव्यात.

फाफ्सा भरताना मार्कशीट जोडायची असते का?

नाही. कॉलेज सुरू होईल त्या वेळी तुमचं हायस्कूलचं शिक्षण कोणत्या स्थितीत असेल, एवढंच अर्ज विचारतो. हायस्कूल डिप्लोमा, जीईडीसारखी समकक्ष परीक्षा, घरी घेतलेलं शिक्षण किंवा यांपैकी काही नाही, यातला एक पर्याय निवडायचा. त्यामुळे बारावीत असतानाच अर्ज भरता येतो. नवा अर्ज साधारणपणे आधीच्या वर्षीच्या १ ऑक्टोबरला खुला होतो. तोवर निकाल लागलेला नसला तरी, कॉलेज सुरू होईपर्यंत लागणार असेल तर ‘हायस्कूल डिप्लोमा’ हाच पर्याय बरोबर. भारतातली बारावी झालेल्यांनीही हाच निवडायचा.

मग पुरावा मागतात तरी कधी?

काही वर्षांपूर्वीपर्यंत सरकारी पडताळणीच्या व्ही-४ आणि व्ही-५ गटांत निवड झालेल्या प्रत्येकाला हायस्कूल पूर्ण केल्याचा पुरावा द्यावाच लागे. आता ती बाब त्या यादीतून काढली आहे. व्ही-४ मध्ये ओळखीचा पुरावा आणि शिक्षणाच्या हेतूचं सही केलेलं निवेदन एवढंच उरलं आहे. म्हणून जुनी माहिती वाचून घाबरू नका.

पण अट गेलेली नाही, फक्त सरसकट तपासणी गेली. तुमच्या प्रवेश अर्जात एक आणि फाफ्सात दुसरं असेल, डिप्लोमा देणाऱ्या संस्थेबद्दल शंका असेल किंवा कॉलेजचा स्वतःचा नियम असेल, तर कॉलेज पुरावा मागू शकतं. शंका आल्यावर तर त्याला तपासावंच लागतं. परदेशी शाळेचं नाव दिसलं की बरीच कॉलेजं आपणहून कागद मागतात. पुरावा मागितला म्हणजे तुमच्यावर संशय घेतला, असं समजू नका.

कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, हा प्रश्न जास्त उशिरा उभा राहतो. तिथे प्रवेश बहुधा सगळ्यांना खुला असतो आणि प्रवेशाच्या वेळी बारावीचा कागद कोणी पाहिलेला नसतो. मदतीची रक्कम द्यायची वेळ येते तेव्हा तो पहिल्यांदा मागितला जातो. सत्र सुरू झालेलं असतं आणि मार्कशीट सांगलीच्या घरातल्या कपाटात असते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर शिक्षण पुन्हा सुरू करणाऱ्या गृहिणींवर ही वेळ हमखास येते. कॉलेजचा विचार मनात आला की लगेच कागद मागवून घ्या.

अमेरिकेतल्या हायस्कूलमधून उत्तीर्ण झालेल्याने काय द्यायचं?

डिप्लोमाची प्रत, किंवा डिप्लोमा मिळाल्याची तारीख असलेली अंतिम अधिकृत ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांचा आणि गुणांचा शाळेने दिलेला उतारा. इथे ‘अंतिम’ हा शब्द महत्त्वाचा. प्रवेशासाठी हिवाळ्यात पाठवलेल्या ट्रान्सक्रिप्टवर शेवटच्या सत्राचे विषय चालू असल्याचं दिसतं. त्यावरून शिक्षण पूर्ण झाल्याचं सिद्ध होत नाही. जूनमध्ये शाळेच्या समुपदेशकाकडून किंवा पार्चमेंटसारख्या सेवेतून नवी प्रत थेट कॉलेजला जायला हवी. विद्यार्थ्याने स्वतः डाउनलोड केलेली प्रत अनेक ठिकाणी अधिकृत धरत नाहीत.

शाळा बंद पडली असेल तर तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टकडे किंवा राज्याच्या शिक्षण विभागाकडे जुन्या नोंदी मिळतात.

शाळेने ‘हजेरीचं’ किंवा ‘सहभागाचं’ प्रमाणपत्र दिलं असेल तर ते डिप्लोमा नव्हे. पदवीदान समारंभात मूल टोपी-झगा घालून मंचावर गेलं असलं तरीही नव्हे.

महाराष्ट्र बोर्डातून बारावी केली आहे. नेमकं काय पाठवू?

दोन कागद: एचएससीची गुणपत्रिका आणि बोर्डाचं उत्तीर्ण प्रमाणपत्र. गुणपत्रिकेवर परीक्षेचा महिना-वर्ष, विभागीय मंडळ आणि निकालाच्या रकान्यात ‘पास’ हा शब्द असतो. तपासणारा माणूस हाच शब्द शोधत असतो. अमेरिकन ट्रान्सक्रिप्टवर असते तशी ‘ग्रॅज्युएशनची तारीख’ आपल्याकडे नसते. ती विचारली तर परीक्षेचा महिना आणि वर्ष सांगावं आणि सोबत एक ओळ लिहावी: राज्य मंडळाची बारावीची परीक्षा उत्तीर्ण होणं हेच आमच्याकडे शालेय शिक्षण पूर्ण होणं.

गोव्याच्या मंडळाच्या बारावीच्या प्रमाणपत्रावर एचएसएससी असं असतं, सीबीएसईचं नाव आणखी वेगळं. नावं वेगळी असली तरी सगळ्या बारावीच्याच परीक्षा आहेत.

संकेतस्थळावरून निकालाच्या दिवशी छापलेलं पान पाठवू नका. ते माहितीपुरतं असतं, आणि तसं त्यावर लिहिलेलंही असतं.

कॉलेजच्या यादीत ‘सेकंडरी स्कूल लीव्हिंग सर्टिफिकेट’ लिहिलं आहे. म्हणून एलसी पाठवली. ती का परत आली?

या विषयातली ही सगळ्यात मोठी गफलत आहे, आणि त्यात तुमचा दोष नाही. परदेशात शिकलेल्यांसाठी अमेरिकन कार्यालयं हेच शब्द वापरतात. त्यांच्या मनात त्याचा अर्थ असतो ‘शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र’. आपल्याकडे लीव्हिंग सर्टिफिकेट म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर जन्मतारीख, जात, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचं कारण असतं. आठवीत शाळा सोडणाऱ्यालाही तो मिळतो. त्यावरून तुम्ही शाळा सोडली एवढंच कळतं, पूर्ण केली हे कळत नाही.

दुसरा घोळ ‘सेकंडरी’ या शब्दाचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर सेकंडरी स्कूल सर्टिफिकेट असं ठळक छापलेलं असतं. मागणीत ‘सेकंडरी’ दिसलं की लोक दहावीचंच पाठवतात. दहावी अमेरिकन डिप्लोमाच्या समकक्ष धरली जात नाही. ‘हायर सेकंडरी’ लिहिलेला कागदच द्यायचा. दहावीचा सोबत जोडला तर बिघडत नाही, पण एकटा तो पुरत नाही.

फाफ्सात हायस्कूलचं नाव कोणतं लिहू? माझं ‘हायस्कूल’ तर दहावीपर्यंतच होतं.

बारावी जिथून केली त्या संस्थेचं नाव लिहा, म्हणजे ज्युनिअर कॉलेजचं. आपल्याकडे हायस्कूल दहावीला संपतं, अमेरिकेत ते बारावीला संपतं. शोधयादीत नाव सापडणार नाही, कारण त्या यादीत तिथल्याच शाळा असतात. नाव, गाव आणि परदेशी शाळा असल्याची माहिती हाताने भरा. मिळतंजुळतं नाव दिसलं म्हणून तिथली एखादी शाळा निवडू नका. नेमक्या अशाच विसंगतीमुळे अर्ज बाजूला काढला जातो.

याची उलटी बाजूही लक्षात ठेवा. अमेरिकेत ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हणजे बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज. तुमच्या गुणपत्रिकेवर ते शब्द दिसले की प्रवेश विभाग ‘तुमची आधीच्या कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट कुठे आहे’ असं विचारतो, आणि पूर्वी कॉलेज केलेला विद्यार्थी म्हणून नोंद करतो. म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये स्पष्ट लिहा की भारतात अकरावी-बारावीच्या वर्गांना ज्युनिअर कॉलेज म्हणतात, आणि हे हायस्कूलचंच शिक्षण आहे. प्रवेश अर्जातही ते कॉलेजच्या रकान्यात न लिहिता हायस्कूलच्या रकान्यात लिहा.

बारावीला ४८ टक्के आहेत. अमेरिकेत ६० च्या खाली नापास धरतात ना?

इथे टक्क्यांचा संबंध नाही. आपल्या बोर्डात विषयात उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ३५ गुण लागतात. मदतीच्या अटीसाठी शिक्षण पूर्ण झालं की नाही एवढंच पाहतात. तरीही नवखा कर्मचारी ४८ हा आकडा पाहून बुचकळ्यात पडू शकतो. गुणपत्रिकेतला निकालाचा रकाना त्याला दाखवून द्या आणि उत्तीर्णतेची मर्यादा ३५ आहे हे लिहा.

मूल्यांकन अहवाल सगळ्यांना लागतो का?

सरकारी नियमानुसार परदेशी डिप्लोमा अमेरिकन डिप्लोमाच्या समकक्ष असला की झालं. ती समकक्षता कशी ठरवायची हे कॉलेज ठरवतं. काही कॉलेजं गुणपत्रिका पाहून स्वतः ठरवतात, काही बाहेरच्या मूल्यांकन संस्थेचा अहवाल मागतात. नेसेस या संघटनेच्या सदस्य संस्था, उदाहरणार्थ डब्ल्यूईएस किंवा ईसीई, बऱ्याच ठिकाणी मान्य असतात.

पैसे भरण्याआधी फायनान्शियल एड ऑफिसला दोन गोष्टी लेखी विचारा: कोणत्या संस्थेचा अहवाल चालेल, आणि कोणत्या प्रकारचा? कागदपत्रनिहाय अहवालात एवढंच असतं की ही परीक्षा अमेरिकेतल्या अमुक पातळीची आहे. विषयनिहाय अहवालात प्रत्येक विषयाचे श्रेयांक (क्रेडिट) आणि श्रेणी असते, आणि तो महाग पडतो. बारावी पूर्ण आहे हे दाखवायला सहसा पहिला पुरतो. भारतात पदवीचं काही शिक्षण झालं असेल आणि त्याचे श्रेयांक हवे असतील, तर दुसरा एकदाच करून घ्यावा.

कागद मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. एचएससीची गुणपत्रिका इंग्रजीत असते, त्यामुळे तिच्यासाठी हा खर्च नको. भाषांतर लागलंच तर ते स्वतः किंवा नातेवाइकाने करू नये.

गुणपत्रिकेवरचं नाव आणि सोशल सिक्युरिटी कार्डावरचं नाव जुळत नाही.

आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत असं येतं. अमेरिकन यंत्रणेत पहिल्या शब्दाला नाव आणि शेवटच्याला आडनाव समजतात. त्यामुळे वडिलांचं नाव आडनाव म्हणून चढलेलं अनेकांच्या बाबतीत दिसतं. लग्नानंतर माहेरचं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं असेल तर दोन कागदांवरची व्यक्ती एकच आहे हे तिऱ्हाइताला कळणारच नाही.

फाफ्सात नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तसंच लिहायचं. गुणपत्रिकेसोबत विवाह प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याचं राजपत्र द्यायचं. नुसता क्रमच उलटा असेल तर पासपोर्टची प्रत आणि दोन ओळींचं स्पष्टीकरण बहुधा पुरतं. काही कॉलेजं ‘ही एकच व्यक्ती’ असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र मागतात. जन्मतारीख सगळीकडे एकच आहे ना, हे आधी पाहा. ती जुळली की बाकीचं सोपं जातं.

मूळ गुणपत्रिका हरवली आहे आणि मी अमेरिकेत आहे.

आधी डिजिलॉकरमध्ये पाहा. राज्य मंडळाच्या गुणपत्रिका तिथे उपलब्ध होतात, आणि तिथून घेतलेली प्रत पडताळता येते. अडचण बहुधा ओटीपीची येते: आधारला जोडलेलं भारतातलं सिम बंद झालेलं असतं. ते चालू असेल तर बंद होऊ देऊ नका.

तिथे नसेल तर दुय्यम प्रतीसाठी अर्ज करावा लागतो. राज्यात ९ विभागीय मंडळं आहेत: पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, अमरावती, नाशिक, लातूर आणि कोकण. ज्या मंडळाखाली परीक्षा दिली त्याच मंडळाकडे जायचं. बैठक क्रमांक, परीक्षेचा महिना-वर्ष आणि कॉलेजचं नाव हाताशी असेल तर काम लवकर होतं. बैठक क्रमांक आठवत नसेल तर ज्युनिअर कॉलेजच्या कार्यालयात नोंद असते. भारतातल्या कोणाला तरी अधिकारपत्र देऊन पाठवणं हा सरळ मार्ग आहे.

दरम्यान कॉलेजला गप्प राहून ताटकळत ठेवू नका. अर्ज केल्याची पावती पाठवा आणि मुदत वाढवून मागा.

बारावी नाही, पण दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे.

इथे ‘डिप्लोमा’ हा शब्द फसवतो. अमेरिकेत नुसतं डिप्लोमा म्हटलं की हायस्कूलचा. तुमचा डिप्लोमा अभियांत्रिकीचा आहे, आणि तो कोणत्या पातळीचा धरायचा हे मूल्यांकनावर ठरतं. त्यामुळे अहवाल हाती येईपर्यंत काही गृहीत धरू नका. नियमात एक वाट अशीही आहे की पदवीसाठी पूर्ण श्रेयांक मिळतील असं किमान दोन वर्षांचं शिक्षण यशस्वीपणे पूर्ण केलं असेल, तर त्याची ट्रान्सक्रिप्ट हायस्कूलच्या जागी चालते. म्हणून गुणपत्रिका सगळ्या सत्रांच्या द्या, फक्त शेवटच्या वर्षाची नको.

भारतातली बी.कॉम. पदवी आहे. मग बारावीचा प्रश्नच येत नाही ना?

बारावीचा प्रश्न सुटतो, पण दुसरा उभा राहतो. पेल ग्रँट पहिली बॅचलर पदवी मिळेपर्यंतच मिळते, आणि परदेशातली पदवीही त्यात मोजली जाते. फाफ्सात पदवी असल्याचं सांगणं बंधनकारक आहे. पेल मिळणार नाही, कर्ज मात्र मिळू शकतं. ‘बारावीच दाखवा, पदवी सांगू नका’ असा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नका. २०२५-२६ साठी पेलची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास २०,००० डॉलरपर्यंत दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि घेतलेली मदत परत करावी लागते ती वेगळीच.

मुलगी अमेरिकन नागरिक आहे, पण पुण्यात वाढली. बारावी करून तिकडे जाणार आहे.

ती पात्र ठरू शकते. तिच्याबाबतीत वेळापत्रक सांभाळायचं. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मे-जूनच्या सुमारास, मूळ गुणपत्रिका त्यानंतर काही दिवसांनी ज्युनिअर कॉलेजमधून मिळते, आणि तिथलं कॉलेज ऑगस्टमध्ये सुरू होतं. मूल्यांकन लागणार असेल तर हातात फार दिवस उरत नाहीत. गुणपत्रिका मिळाली त्याच आठवड्यात अर्ज करा, आणि जाण्याआधी मूळ कागद मुलीच्या हँडबॅगेत असू द्या.

एखादा विषय राहिला असेल तर पुरवणी परीक्षेचा उत्तीर्ण निकाल हाती येईपर्यंत हायस्कूल पूर्ण झालं असं म्हणता येत नाही. ते लपवण्यापेक्षा कॉलेजला कळवून मदत पुढच्या सत्रापासून मागावी.

बारावी झालेलीच नाही. काय करता येईल?

जीईडी ही सगळ्यात परिचित वाट. गणित, भाषा, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं अशा ४ परीक्षा असतात. प्रत्येकीत १०० ते २०० या मोजपट्टीवर किमान १४५ गुण लागतात. त्या एकाच वेळी द्यायची गरज नाही. काही राज्यांत हायसेट ही परीक्षाही चालते. बारावीत नापास झालेल्या प्रौढांना आम्ही हाच मार्ग सुचवतो. भारतात येऊन पुन्हा परीक्षेला बसण्यापेक्षा तो जवळचा आहे.

दुसरी वाट अरुंद आहे. ठरावीक ‘करिअर पाथवे’ अभ्यासक्रमात प्रवेश घेतला आणि मान्यताप्राप्त चाचणी उत्तीर्ण केली किंवा ६ श्रेयांक (अथवा २२५ तास) पूर्ण केले, तर डिप्लोमाशिवाय मदत मिळू शकते. ते ६ श्रेयांक मात्र स्वतःच्या पैशाने करायचे असतात. तुमच्या कॉलेजात असा अभ्यासक्रम आहे का, हे आधी विचारा.

घरी शिकवलं आहे. पुरावा कोण देणार?

राज्याच्या कायद्यात प्रमाणपत्राची तरतूद असेल तर ते. नसेल तर पालकाने सही केलेली ट्रान्सक्रिप्ट, ज्यात शिकवलेले विषय आणि शिक्षण पूर्ण झाल्याचं विधान आहे.

हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे विषय घेतो आहे. त्यांना मदत मिळेल?

केंद्र सरकारची नाही. हायस्कूलमध्ये नाव असेपर्यंत विद्यार्थी पात्र नसतो.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला डिप्लोमा मिळाला नाही. त्याचे दरवाजे बंद का?

मुळीच नाही, आणि हे पालकांना कोणी आपणहून सांगत नाही याचं वाईट वाटतं. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने मान्य केलेल्या संक्रमण अभ्यासक्रमांत (शाळेनंतर पुढच्या शिक्षणाकडे आणि कामाकडे नेणारे अभ्यासक्रम), ज्यांना सीटीपी म्हणतात, अशा विद्यार्थ्यांना डिप्लोमाशिवाय पेल ग्रँट आणि वर्क-स्टडी मिळू शकते. कर्ज मात्र मिळत नाही. कॉलेजकडे ‘सीटीपी मान्यता आहे का’ असं नेमकं विचारा.

ऑनलाइन दोन आठवड्यांत हायस्कूल डिप्लोमा मिळतो म्हणे. घ्यावा का?

नको. जुलै २०२४ पासून याबाबतचे नियम आणखी स्पष्ट झाले आहेत. जिथे शिकवणं नाममात्र किंवा मुळीच नसतं अशा संस्थेचा डिप्लोमा वैध नाही. कॉलेजला शंका आली तर ते शाळेकडून ट्रान्सक्रिप्ट, अभ्यासक्रमाचं वर्णन किंवा मुख्याध्यापकांचं सही केलेलं पत्र मागवतं, आणि राज्याकडे विचारणा करतं. ‘मी खरंच शिकलो’ हे विद्यार्थ्याचं स्वतःचं म्हणणं तिथे पुरत नाही. गेलेले पैसे आणि महिने जीईडीला लावले असते तर हाती खरं प्रमाणपत्र असतं.

युद्धामुळे किंवा देश सोडावा लागल्याने कागद मिळणंच शक्य नाही.

निर्वासितांसारख्या गटांसाठी सवलत आहे. शाळेचं नाव, देश आणि पूर्ण केल्याचं वर्ष लिहून सही-तारखेचं निवेदन आणि अमेरिकेतल्या प्रवेशाची कागदपत्रं यांवर कॉलेज विचार करू शकतं. ‘मागवायला वेळ लागतो’ हे मात्र त्यासाठी कारण होत नाही.

कॉलेजने आमचा पुरावा नाकारला. वर दाद मागता येते का?

डिप्लोमा वैध आहे की नाही हे कॉलेज ठरवतं. शिक्षण खात्याकडे त्यावर अपील नाही. पण नकाराचं कारण लेखी मागा. बहुतेकदा कारण वैधता नसतंच. दहावीचा कागद गेलेला असतो, एलसी गेलेली असते किंवा स्कॅनमध्ये ‘पास’चा रकाना कापलेला असतो. योग्य कागद दिला की त्याच कार्यालयात काम होतं. दुसऱ्या कॉलेजचा निकष वेगळा असू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

कागद द्यायची शेवटची तारीख कोणती?

कॉलेजने पोर्टलवर दिलेली. सरकारी मुदत त्याहून लांब असते, पण तिच्या भरवशावर राहिलात तर सत्राची फी आधी खिशातून भरावी लागते, नाही तर विषयांतून नाव कमी होतं. ईमेलच्या विषयात विद्यार्थी क्रमांक लिहा. गुणपत्रिका आणि उत्तीर्ण प्रमाणपत्र पाठपोट स्कॅन करून एकाच पीडीएफमध्ये कॉलेजच्या पोर्टलवर चढवा. ईमेलने सोशल सिक्युरिटी क्रमांक पाठवू नका. ८-१० दिवसांत पोर्टलवरची स्थिती बदलली नाही तर फोन करा, आणि ज्यांच्याशी बोललात त्यांचं नाव व तारीख टिपून ठेवा.